कैलासचं नाक

कैलासने गुडघे टेकले, गादीच्या कोपऱ्याला नाक लावलं आणि छातीभर श्वास ओढून घेतला.

"येतोय ना?" ज्ञानेश्वरीने दारातून विचारलं. पदराचं टोक तिने नाकावर दाबून धरलं होतं.

नव्या गादीचं कापड गालाला गार लागत होतं. डोळे मिटून त्याने पुन्हा एकदा श्वास घेतला. हवा आत गेली, हवा बाहेर आली. त्यापलीकडे काहीही नव्हतं.

"येतोय की," तो म्हणाला. "चांगलाच येतोय."

"मग आठ दिवस रोज या खोलीत येत होतात, तेव्हा नाही आला?"

कैलास गादीवरून हात फिरवत राहिला. कोपऱ्यात पिवळसर डाग होता, बशीएवढा. तो मात्र दिसत होता.

उन्नतीला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली होती. दहाच मिनिटांपूर्वी तिच्या नवऱ्याने, भाग्येशने, तिला पालघरहून गाडीने आणून सोडलं होतं आणि तो ड्युटीवर निघूनही गेला होता. कैलासने स्वतः तिची पिशवी उचलून तिला खोली दाखवायला नेलं. भिंतींना नवा फिकट निळा रंग, खिडकीला नवा पडदा, बोईसरच्या बाजारातून आणलेली कापसाची गादी. उन्नतीने दारात पाऊल टाकलं, तोंडावर हात ठेवला आणि तशीच उलट्या पावली मागच्या मोरीकडे धावली. तिला भडाभडा ओकारी झाली. तिची पाठ चोळता चोळता ज्ञानेश्वरीने एकदाच मागे वळून नवऱ्याकडे बघितलं.

झालं होतं असं, की रंग देताना कैलासने खिडकीची जाळी काढली होती आणि परत बसवायची राहून गेली होती. गल्लीतला राखाडी बोका तिथून रोज आत येत असणार. रंगाचा वास घरात पसरू नये म्हणून खोलीचं दार बंद ठेवलेलं, त्यामुळे ज्ञानेश्वरी तिकडे फिरकली नव्हती. कैलास मात्र रोज जात होता. खाट लावली, पडद्याची दांडी बसवली. परवा दमून त्याच गादीवर अर्धा तास झोपलाही होता.

उन्नती बाहेर पायरीवर बसून होती. शेजारच्या नर्मदाताई तिला लिंबाचं पाणी देत होत्या. त्या मूळच्या किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या, कोळीण. लग्नानंतर बोईसरला येऊन तीस वर्षं झाली, तरी बोलणं गावचंच राहिलं होतं.

"भाऊ, बोका मुतला ना, त्ये साधं काम नाय," त्या आतल्या दिशेने म्हणाल्या. "आमच्यात सुकटीचा वास असतो, त्येचं काय वाटत नाय. पन हा वास गेला पायजे बगा. जरा जरी ऱ्हायला, तर तो परत तितंच येनार. त्येला वाटतं, ही आपलीच जागा हाय."

"काढतो ना," कैलास म्हणाला. "आमचं रोजचंच आहे ते. केमिकल ते केमिकल."

बोलताना त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला होता.

तसं पाहिलं तर हे काम त्याच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला जमायला नको होतं. शिंदखेड्याहून तो बोईसरला आला तेव्हा बावीस वर्षांचा होता, आता एकावन्न. तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात त्याची हयात गेली होती. तिथे क्लोरीनच्या टाक्या होत्या. शेडमध्ये गळती दाखवणारे मीटर लावलेले होते, पण ते कधी उगाचच वाजत आणि कधी वाजायला हवं तेव्हा गप्प बसत. म्हणून सगळा भरवसा होता तो कैलासच्या नाकावर. बारा वर्षांपूर्वी मीटरचा काटा शून्यावर असताना त्याने नुसत्या वासावरून सगळी शेड रिकामी करायला लावली होती, आणि पुढच्या पाच मिनिटांत एका टाकीचा व्हॉल्व्ह फुटला होता. तेव्हापासून नवीन माणूस लागला की त्याला सांगितलं जाई, काही शंका आली तर मीटर बघू नको, कैलासभाऊंना बोलाव.

संध्याकाळपर्यंत तो राबत राहिला. गादी गच्चीवर नेली. डागावर आधी पाणी ओतलं, मग व्हिनेगर, मग खाण्याचा सोडा पसरून ठेवला. नुसत्या पाण्याने मांजराच्या मुताचे खडे विरघळत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. वरून वाळल्यासारखे वाटतात आणि दमट हवा लागली की पुन्हा वास सोडतात. हे सगळं तो उन्नतीला समजावून सांगत होता. उन्नती ऐकत होती आणि ओढणी नाकावरून काढत नव्हती.

खोलीची फरशी त्याने दोनदा पुसली.

"गेला?" त्याने विचारलं.

ज्ञानेश्वरी दारातच थांबली. "तुम्हीच सांगा ना."

"मला तर गेल्यासारखा वाटतोय."

"अहो, डोळ्यांत पाणी येतंय माझ्या," ती म्हणाली. "चेष्टा करताय का?"

तो चपला घालून बाहेर पडला आणि बाजारात जाऊन एक छोटी बॅटरी घेऊन आला. जांभळ्या उजेडाची, दुकानदार खऱ्याखोट्या नोटा बघायला वापरतात तसली. खोलीत पडदा ओढून त्याने ती लावली. भिंतीच्या कडेला, खाटेच्या पायाशी, दाराच्या मागे ठिकठिकाणी हिरवट-पिवळे ओघळ चमकायला लागले. कैलासला हायसं वाटलं. आता दिसत होतं. जे दिसतं ते पुसता येतं. त्याने खडू घेतला आणि एकेका डागाभोवती गोल काढायला सुरुवात केली.

कोपऱ्यातल्या पत्र्याच्या ट्रंकेवर उजेड पडला आणि त्याचा हात थांबला. झाकण अर्धवट उघडं होतं. आत ज्ञानेश्वरीने बाळासाठी शिवलेल्या दुपट्यांची चळत होती, तिच्या जुन्या मऊ सुती साड्यांची. वरची तीन चमकत होती.

"पप्पा."

उन्नती दारात उभी होती. एक हात पोटावर, एक नाकावर.

"बॅटरी कशाला लागते? ट्रंकेतून येतोय ना वास. मला तर हॉलमधून कळत होतं."

"नीट दिसावं म्हणून," कैलास म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी तो कामावरून आला की ही त्याच्यासमोर मुठी धरायची. कोणत्या मुठीत चिंच आणि कोणत्या मुठीत आवळा, हे त्याने वासावरून सांगायचं. कैलासने बॅटरी बंद केली आणि दुपटी उचलून तो धुवायला घेऊन गेला.

त्या रात्री उन्नती नर्मदाताईंकडे झोपायला गेली. जेवताना ज्ञानेश्वरीने भाजी कशी झालीय, हेसुद्धा विचारलं नाही. बरंच झालं, कैलासला वाटलं. गेले कित्येक महिने तो भाजीला अंदाजानेच चांगलं म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी त्याने पुन्हा कामाला हात घातला. खडूच्या गोलांमध्ये रात्री ओतून ठेवलेला व्हिनेगर त्याने चार पाण्यांनी धुऊन काढला, फरशी कोरडी केली. आता भिंतीच्या कडेला ब्लीच मारायचं, म्हणजे उरलेसुरले डागही जातील. व्हिनेगरवर ब्लीच पडता कामा नये, हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. म्हणून तर चार पाणी दिली. मध्ये गच्चीवर जाऊन त्याने गादी उलटी केली, ऊन कुठे आहे ते बघून ती थोडी सरकवली. खाली आला तेव्हा उन्नती घरी परतली होती आणि हॉलमध्ये बसून चहात पाव बुडवत होती.

"थोडा वेळ दार लावून घेतो गं," तो तिला म्हणाला. "तुला वास नको."

बोका पुन्हा येऊ नये म्हणून खिडकी बंदच होती. त्याने दार लावलं, कडेची ओल आपल्याच पाण्याची समजून डबा तिरका केला आणि भिंतीच्या कडेने ब्लीच ओतत गेला. फरशीवर फेस आला, बारीकसा चरचर आवाज झाला. काम होतंय, असं वाटून तो खाली बसला आणि ब्रशने घासू लागला. जरा वेळाने डोळे चुरचुरले. घाम गेला असेल म्हणून त्याने दंडाने पुसले. मग घसा खवखवला. तो खोकला आणि घासत राहिला.

दाराबाहेर कुणीतरी खोकलं. पुन्हा खोकलं, मग खोकल्याची उबळच लागली.

"पप्पा! काय करताय आत? पप्पा!"

दार धाडकन उघडलं. ज्ञानेश्वरीने एक पाऊल टाकलं आणि तोंडावर हात घेतला.

"अहो, काय ओतलंत? तिथे मी ॲसिड टाकलं होतं! बाथरूमचं! तुम्ही गच्चीवर होतात तेव्हा!"

कैलासने खाली बघितलं. कडेच्या फेसावर फिकट हिरवी वाफ वळवळत होती. तो रंग तो जवळजवळ तीस वर्षं ओळखत होता. क्लोरीन. हात लांब केला तर बोटाला लागेल इतक्या अंतरावर क्लोरीन होता, आणि तो त्याच्यावर वाकून, तोंड उघडं ठेवून बसला होता.

पुढचं सगळं त्याच्या अंगाने आपोआप केलं. श्वास रोखला, खिडकी ढकलली, दार ओढून घेतलं. उन्नतीच्या काखेत हात घालून तिला उचललंच जवळजवळ. बाहेर आल्यावर क्षणभर थांबून त्याने पिंपळाची पानं कुठल्या बाजूला हलतायत ते बघितलं आणि वाऱ्याच्या उलट दिशेने तिला गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. नर्मदाताई ओला टॉवेल घेऊन धावत आल्या.

"काय झालं रे देवा! पोरीला दवाखान्यात न्या आदी!"

डॉक्टरबाईंनी उन्नतीला तपासलं, बाळाचे ठोके ऐकवले. ठोके घोड्याच्या टापांसारखे भरभर पडत होते. काही झालेलं नाही, थोडक्यात निभावलं, पण आज त्या घरात न्यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. कैलासने मान हलवली. त्याचे स्वतःचे डोळे लालबुंद झाले होते.

बाहेरच्या बाकावर तो आणि ज्ञानेश्वरी शेजारी बसले. बराच वेळ ती हातातल्या रुमालाची घडी घालत होती, मोडत होती.

"मी ॲसिड टाकलं तेव्हा सगळ्या घरात वास सुटला होता," ती अखेर म्हणाली. "उन्नतीने पंखा लावला. तुम्ही त्याच हॉलमधून गेलात."

कैलास समोरच्या भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होता.

"तुम्हाला नाही आला."

"नाही."

"बोक्याचाही नाही."

"नाही."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून असेल," तो म्हणाला. "आधी वाटलं सर्दी आहे. मग वाटलं, वय झालं, कमी झाला असेल थोडा. थोडा थोडा येतोय, असं वाटायचं. आज कळलं, की थोडासुद्धा येत नाही."

"कंपनीत?"

"मेडिकल चेकअपला विचारतात. मी नॉर्मल लिहितो."

ज्ञानेश्वरीने रुमालाची घडी मांडीवर ठेवली. ती चिडेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. तिने दोन्हीही केलं नाही.

उन्नती तपासणीच्या खोलीतून बाहेर आली होती आणि दाराला टेकून उभी होती. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे.

"पप्पा, तुमच्या शेडमध्ये एका पाळीला किती माणसं असतात?"

कैलासने तिच्याकडे बघितलं नाही.

"चाळीस," तो म्हणाला. "कधी बेचाळीस."

तिने भाग्येशला फोन करून बोलावून घेतलं, आणि दुपारी ती पालघरला परत गेली. गाडीत बसताना तिने वाकून वडिलांच्या पायांना हात लावला. असं ती एरवी कधी करत नसे.

सोमवारी त्याची पहिली पाळी होती. कारखान्याच्या गेटसमोर चहाची टपरी होती आणि सात वाजायच्या आत तिथे चंद्रभान हटकून असे. चंद्रभान परभणीकडचा, नऊ वर्षं दोघं एकाच पाळीत, एकाच शेडमध्ये जोडीने होते. फेरीला जायचं तर दोघांनी मिळूनच जायचं, असा नियम होता. कैलास पुढे, चंद्रभान मागे वही घेऊन.

रात्रभर कैलासने वाक्यं जुळवली होती. अनफिट ठरवतील. गेटवर बसवतील, नाहीतर घरी पाठवतील. नव्या माणसांना आता काय सांगतील, हाही विचार एकदा येऊन गेला होता आणि त्याची त्याला लाज वाटली होती. पण चहाचा ग्लास हातात आल्यावर जुळवलेलं सगळं विसरायला झालं.

"चंद्रभान, मला वास येत नाही."

"कशाचा?"

"कशाचाच. आठेक महिने झाले."

चंद्रभान हसला. मग त्याने कैलासचे सुजलेले डोळे बघितले आणि त्याचं हसू तिथेच राहिलं.

"मी आज इनचार्जला सांगणार आहे," कैलास घाईघाईने बोलू लागला. "आधीच सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं. आता ते ठरवतील काय ठरवायचं ते. पण तोवर फेरीला तू पुढे राहा. वासाचं तू बघ. मी मागून वही घेऊन येतो."

चंद्रभानने ग्लास खाली ठेवला. चहा अर्धा होता.

"मागच्या महिन्यात," तो सावकाश म्हणाला, "दोन नंबरच्या टाकीपाशी शंका आली होती. आपण दोघं गेलो होतो बघायला."

"हो."

"काही नाही, म्हणालास तू."

"तूसुद्धा म्हणालास."

"तू म्हणालास म्हणून मी म्हणालो."

कैलासला आधी कळलं नाही. मग चंद्रभान ग्लासाकडेच का बघतोय, ते त्याच्या ध्यानात यायला लागलं.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"दीड वर्ष," चंद्रभान म्हणाला. "मला वाटलं, तू आहेस."

रस्त्यावरून एक टँकर गेला. टपरीवाल्याने उकळत्या चहात आलं ठेचून टाकलं आणि दोघंही त्या पातेल्याकडे बघत राहिले. पहिल्या पाळीची माणसं दोघादोघांनी, तिघातिघांनी गेटमधून आत जात होती. कुणी डबा हलवून कैलासला रामराम करत होतं.

कैलासने पैसे ठेवले. दोघं उठले, हजेरीचं कार्ड पंच केलं आणि शेडच्या दिशेने चालू लागले. इनचार्जची केबिन शेडच्या पलीकडे होती. दारापाशी रात्रपाळीचा विश्राम त्यांचीच वाट बघत उभा होता.

"बरं झालं आलात, कैलासभाऊ," तो म्हणाला. "तीन नंबरच्या टाकीपाशी काहीतरी वाटतंय मघापासून. आमच्यातले निम्मे हो म्हणतात, निम्मे नाही म्हणतात. मीटर तर शून्यच दाखवतोय. जरा येऊन बघा बरं तुम्ही."

आतली माणसं कैलासकडे बघत होती. काहींनी काम थांबवलं होतं, बरीचशी करत होती. कैलासभाऊ आलेत, आता समजेलच. चंद्रभान त्याच्या मागे एक पाऊल उभा होता. त्याचा श्वास कैलासला ऐकू येत होता.

कैलासने मान वर करून शेडच्या छपरावरची वाऱ्याची नारिंगी पिशवी कुठे फुगली आहे ते बघितलं.

"विश्राम, सगळ्यांना बाहेर काढ," तो म्हणाला. "पूर्वेच्या गेटने."

"म्हणजे आला वास तुम्हाला?"

"आधी बाहेर काढ," कैलास म्हणाला. "मग सांगतो."